हसऱ्या पलटणीत काळा शिपाई का नाही?

हसण्याला जात नसते, विनोदाला धर्म नसतो, असे आपल्याकडे मोठ्या ऐटीत सांगितले जाते. सांगणारे बहुधा तेच असतात ज्यांच्यावर कधी कोणी हसलेले नसते. ज्यांच्या नावाची, बोलीची, रंगाची आणि वस्तीची पिढ्यान्‌पिढ्या टिंगल झाली, त्यांना मात्र पक्के ठाऊक असते की हास्यालाही उतरंड असते. कोणी हसायचे, कोणावर हसायचे आणि कोणाला त्या मैफलीत बसूच द्यायचे नाही, हे समाजव्यवस्था ठरवत असते. ही गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन विनोदी चित्रपट आपल्याला उपयोगी पडतो. त्याचे नाव ‘बक प्रायव्हेट्स’. सैन्यातल्या सगळ्यांत खालच्या दर्जाच्या साध्या शिपायाला अमेरिकेत या नावाने हाक मारत. सक्तीच्या लष्करभरतीत सापडलेल्या तरुण रंगरुटांवरचा हा चित्रपट ३१ जानेवारी १९४१ रोजी प्रदर्शित झाला. त्याने अमेरिकेला पोट धरून हसवले, बड अ‍ॅबट आणि लू कॉस्टेलो या जोडीला एका रात्रीत आघाडीचे नट केले आणि युनिव्हर्सल या चित्रसंस्थेच्या तिजोरीत भरपूर पैसा ओतला.

चित्रपट कोणत्या काळात आला हे आधी पाहू. युरोपात हिटलरचे युद्ध पेटले होते. अमेरिका अजून त्या युद्धात उतरली नव्हती, पण तयारी सुरू झाली होती. १६ सप्टेंबर १९४० रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सक्तीच्या लष्करी सेवेच्या कायद्यावर सही केली. शांततेच्या काळात सक्तीची भरती करणारा हा अमेरिकेच्या इतिहासातला पहिला कायदा. २१ ते ३५ वर्षे वयाच्या पुरुषांना नावे नोंदवावी लागली. १६ ऑक्टोबर या एकाच दिवशी दीड कोटीहून अधिक तरुणांची नोंद झाली. २९ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये काचेच्या भांड्यातून चिठ्ठ्या काढल्या गेल्या आणि पहिला क्रमांक निघाला १५८. देशातल्या प्रत्येक नोंदणी मंडळात ज्याच्या नावापुढे १५८ होते, त्याच्यावर बोलावण्याची पहिली वेळ आली. घराघरात धाकधूक होती. पोरगा जाणार, एक वर्ष छावणीत राहणार, महिन्याला सुरुवातीला २१ डॉलर पगार मिळणार आणि युद्ध आलेच तर काय होईल कोणी सांगावे? अशा धास्तावलेल्या देशाला कोणीतरी हसवणे सरकारलाही हवे होते आणि चित्रपटवाल्यांनाही.

मालक आणि नोकर एका रांगेत

कथा साधी आहे. स्लिकर आणि हर्बी हे दोन फाटके फेरीवाले परवाना नसताना रस्त्यावर गळ्यातले टाय विकत असतात. पोलीस मागे लागतो. पळता पळता दोघे एका चित्रपटगृहात घुसतात आणि बक्षिसाच्या सोडतीचा कागद समजून सही करून बसतात. ते चित्रपटगृह आता लष्कराचे भरती केंद्र झालेले असते! छावणीत पोचतात तो समोर सार्जंट म्हणून उभा कोण? तोच पोलीस. पुढे कवायतीचा गोंधळ, खांद्यावरची बंदूक, चुकणारी पावले, पैशाच्या हिशेबाची कोडी. जाडजूड, गोलमटोल हर्बीला कवायत काही जमत नाही आणि प्रेक्षक हसून हसून बेजार होतो. कॉस्टेलो हा न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात वाढलेला इटालियन वंशाचा माणूस. त्याचे मूळ आडनाव क्रिस्टिलो. रस्त्यावरच्या गरिबाचे भित्रेपण आणि चलाखी तो अंगात भिनवून पडद्यावर आला होता. गरिबाला या विनोदात आपलेपणा वाटला, तो उगीच नव्हे.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते उपकथानक. रँडॉल्फ पार्कर हा गर्भश्रीमंत बापाचा लाडावलेला पोरगा भरतीत सापडतो. वडिलांच्या वशिल्याने आपण चार दिवसांत सुटू अशी त्याची खात्री असते. त्याच छावणीत, त्याच पलटणीत येतो बॉब मार्टिन, म्हणजे कालपर्यंत ह्या रँडॉल्फच्या हाताखाली राबणारा त्याचा नोकर. आता दोघांचा गणवेश एक, खाट एकाच बराकीत, जेवणाची थाळी एकच. कालचा नोकर मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवतो, त्याला ऐकवतो. दोघांची नजर एकाच तरुणीवर असते, तिथेही मालकाला पहिला मान मिळत नाही. श्रीमंत पोरगा नेमबाजीच्या सामन्याच्या वेळी कर्तव्य सोडून भटकतो आणि पलटण हरते. सहकारी त्याला वाळीत टाकतात. शेवटी तो सुधारतो, युद्धाच्या सरावात पलटणीला जिंकून देतो आणि मालक व नोकर मित्र होतात.

हा संदेश लहान नाही. छावणीच्या दारात बापाची श्रीमंती उतरवून ठेवावी लागते, कवायतीच्या मैदानावर सगळे सारखे, असे हा चित्रपट हसत हसत सांगतो. ज्या समाजाने आयुष्यभर मालकाच्या ओसरीच्या खाली उभे राहण्याचा अपमान गिळला आहे, त्या समाजाच्या वाचकाला या दृश्यांची गोडी कळल्याशिवाय राहणार नाही. मालकाने नोकराच्या बरोबरीने घाम गाळावा, यापरते सुख ते कोणते? म्हणूनच या चित्रपटाला सरसकट मोडीत काढण्याचे कारण नाही. त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. आणि श्रेय देऊन झाल्यावर मग एकच प्रश्न विचारला पाहिजे. सगळे सारखे म्हणजे कोण कोण?

कारण त्या पलटणीतले सगळे रंगरूट गोरे आहेत. सक्तीचा कायदा काळ्या तरुणालाही लागू होता. त्याचेही नाव नोंदले गेले होते, १५८ क्रमांकाची चिठ्ठी त्याचीही होती. त्याच्याही आईच्या डोळ्यांत पाणी आले असेल. मग समतेचा हा उत्सव चालू असताना तो कुठे होता?

कायदा एक, अंमल दुसरा

त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. उलट पुस्तकात लिहिले होते की निवड आणि प्रशिक्षण करताना वंश किंवा रंग यांवरून कोणाशीही भेदभाव केला जाणार नाही. कायद्याच्या कलम ४ मध्ये ही तरतूद होती. काळ्या नेत्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी झगडून ती घालून घेतली होती. त्या कलमाची शाई वाळते न वाळते तोच २७ सप्टेंबर १९४० रोजी ए. फिलिप रँडॉल्फ, वॉल्टर व्हाइट आणि टी. अर्नोल्ड हिल हे तीन काळे नेते रूझवेल्ट यांना भेटले आणि सैन्यातली फाळणी बंद करा असे त्यांनी सांगितले. उत्तर आले ९ ऑक्टोबरला. युद्धखात्याने धोरण जाहीर केले की काळ्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात भरती केले जाईल, पण काळे आणि गोरे शिपाई एका रेजिमेंटमध्ये मिसळले जाणार नाहीत. कारण काय, तर ही पद्धत वर्षानुवर्षे समाधानकारक ठरली आहे आणि बदल केल्यास सैन्याचे मनोधैर्य खचेल. कोणाचे समाधान? कोणाचे मनोधैर्य? त्यावर कळस म्हणजे या धोरणाला त्या तीन नेत्यांची संमती आहे असा समज होईल अशा रीतीने ते प्रसिद्ध केले गेले. नेत्यांना जाहीरपणे त्याचा निषेध करावा लागला.

मित्रांनो, हे वाचताना आपल्याला काही आठवते का? राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तरी पाणवठा आणि स्मशान वेगळेच राहिले, हा आपला अनुभव. कायदा समतेची भाषा बोलतो आणि अंमल करणारा कारकून, अंमलदार, अधिकारी आपल्या मनातला जुना कायदा चालवतो. अमेरिकेत हेच झाले. भरती मंडळे काळ्यांची आणि गोऱ्यांची बोलावणी वेगवेगळी काढू लागली. स्वतंत्र बराकी आधी बांधून झाल्याशिवाय काळ्यांना घ्यायचे नाही, म्हणून अनेकांना ताटकळत ठेवले गेले. घेतल्यावर बहुतेकांच्या हाती बंदुकीऐवजी फावडे, ओझी आणि मालमोटारी दिल्या. १९४० साली अमेरिकेच्या नियमित लष्करात धर्मोपदेशक सोडले तर काळे अधिकारी होते फक्त दोन. बेंजामिन डेव्हिस नावाचे बाप-लेक.

नौदलात तर आणखी भयंकर. तिथे काळ्या माणसाला प्रवेश होता तो अधिकाऱ्यांच्या खाणावळीत ताटे वाढण्यासाठी आणि भांडी उचलण्यासाठी. याच अ‍ॅबट-कॉस्टेलो जोडीने १९४१ मध्येच ‘इन द नेव्ही’ हा नौदलावरचा विनोदी चित्रपट केला आणि तोही जोरात चालला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. वेस्ट व्हर्जिनिया या युद्धनौकेवर डोरी मिलर नावाचा काळा खाणावळ-सेवक होता. त्याने जखमींना उचलून नेले आणि जी विमानविरोधी मशीनगन चालवण्याचे शिक्षण त्याला रंगामुळे कधी दिलेच गेले नव्हते ती हाती घेऊन शत्रूच्या विमानांवर मारा केला. मे १९४२ मध्ये त्याच्या छातीवर नेव्ही क्रॉस लावण्यात आला. पदक मिळाले, पण काम खाणावळीचेच राहिले. नोव्हेंबर १९४३ मध्ये लिस्कम बे ही नौका बुडाली, तीत तो मेला. पडद्यावरचा कॉस्टेलो अंगचा अजागळपणा दाखवून नौसैनिक होऊ शकत होता, शौर्य अंगी असलेला डोरी मिलर मात्र वाढपीच राहिला. या एका तुलनेत सगळे आले.

गाणे घेतले, माणूस बाहेर ठेवला

‘बक प्रायव्हेट्स’ मधली सगळ्यांत गाजलेली गोष्ट म्हणजे अँड्र्यूज भगिनींनी गायलेले ‘बूगी वूगी बगल बॉय’ हे गाणे. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. आजही ते वाजते. शिकागोचा एक नावाजलेला वादक सक्तीच्या भरतीत सापडतो आणि छावणीत त्याला बिगुल फुंकावे लागते, अशी त्याची कल्पना. आता बूगी वूगी हा संगीतप्रकार कोणाचा? दक्षिणेतल्या लाकूडतोड्यांच्या छावण्यांत, शिकागोच्या गरीब वस्त्यांत, काळ्या पियानोवादकांच्या बोटांतून तो जन्मला. म्हणजे काळ्यांचा ताल चित्रपटाने उचलला, त्यावर गोऱ्या रंगरुटांना नाचवले आणि ज्याचा ताल होता त्याला रांगेबाहेर उभे केले. आपल्याकडे लावणी, ढोलकी, हलगी यांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. वाद्य हवे, वाजवणारा नको. कला संस्कृती म्हणून मिरवायची आणि कलावंताला गावाबाहेर बसवायचे, हा धंदा जुना आहे.

बरे, काळा शिपाई पडद्यावर अजिबात आला नाही असेही नाही. तो आला! त्याच वर्षी, त्याच युनिव्हर्सलसाठी, वॉल्टर लँट्झ याने ह्याच गाण्यावर एक व्यंगचित्रपट काढला. त्यातला ट्रम्पेट वाजवणारा वादक काळा आहे आणि त्याची सगळी पलटणही काळी आहे. पण ती माणसे नाहीत. गोऱ्यांच्या मनातला ठरलेला साचा आहे तो. चेहऱ्याएवढे ओठ, आळसावलेली हालचाल, चिडवण्यासाठी बनवलेली बोली. त्या व्यंगचित्रपटालाही ऑस्करचे नामांकन मिळाले! म्हणजे पाहा कशी वाटणी झाली. गोऱ्या रंगरुटाला विनोदी कथेत नायक केले, त्याचे चुकणे प्रेमाने दाखवले आणि शेवटी त्याला शहाणा केले. काळ्या रंगरुटाला माणूसपणातून काढून टाकले, मग त्याच्यावर हसायला परवानगी दिली. हर्बीची कवायत चुकते तेव्हा प्रेक्षक म्हणतो, अरे, हा तर माझ्यासारखाच. व्यंगचित्रातला काळा चुकतो तेव्हा प्रेक्षक म्हणतो, हे लोक असेच. पहिल्या हास्याने माणसे जवळ येतात. दुसऱ्याने गुलामीची बेडी घट्ट होते.

यावर ठरलेला आक्षेप येतो. कोणी म्हणेल, सैन्यच विभागलेले होते, मग चित्रपटवाल्यांनी काय करावे? त्यांनी जे होते ते दाखवले. हा युक्तिवाद पोकळ आहे. विनोदी चित्रपटाने वास्तव दाखवण्याचा विडा कधी उचलला होता? टाय विकणारे दोन फेरीवाले बक्षिसाच्या आशेने सैन्यात जातात, हे वास्तव आहे? छावणीत लढाईऐवजी गाणी चालतात, हे वास्तव आहे? जिथे कल्पनेला मोकळे रान होते तिथे मालक आणि नोकर यांना एका बराकीत आणण्याची कल्पना सुचली. काळ्याला आणि गोऱ्याला एका बराकीत आणण्याची सुचली नाही, कारण दक्षिणेतली गोऱ्यांची चित्रपटगृहे नाराज झाली असती आणि गल्ला कमी झाला असता. कल्पनेलाही शिवाशीव असते, ती अशी. आणि ज्या समाजाला हसतानाही माणूस आठवत नाही, त्या समाजाला कायदा करताना तरी तो किती आठवणार?

हक्क मागून मिळाले, हसून नव्हे

मग बदल कसा झाला? गोऱ्यांना पश्चात्ताप झाला म्हणून? चित्रपट सुधारले म्हणून? नाही. संघटना उभी राहिली म्हणून. ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयान डब्यांत राबणाऱ्या काळ्या हमालांच्या, परिचारकांच्या युनियनचे नेते. ज्यांना प्रवासी नावानेही हाक मारत नसत अशा माणसांची ती संघटना. १९४१ मध्ये रँडॉल्फ यांनी घोषणा केली की युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना काम मिळाले नाही आणि सैन्यातला भेद संपला नाही तर १ जुलैला हजारो काळे लोक वॉशिंग्टनवर मोर्चा नेतील. राजधानीत काळ्यांचा महामोर्चा! या नुसत्या कल्पनेने सरकार हादरले. २५ जून १९४१ रोजी रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातल्या नोकऱ्यांमधील वंशभेदाला मनाई करणारा आदेश काढला. मोर्चा न काढता पदरात पडलेले हे फळ. पण सैन्य तसेच राहिले.

म्हणून लढाही चालू राहिला. न्यूयॉर्कच्या विन्फ्रेड लिन या काळ्या तरुणाने विभागलेल्या सैन्याच्या भरतीला आव्हान दिले. त्याचा वकील होता त्याचा भाऊ कॉनराड लिन. कलम ४ मध्ये भेदभाव नको असे लिहिले आहे, मग रंगाप्रमाणे वेगळी बोलावणी कशी, हा त्यांचा साधा सवाल. १९४४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. त्याच वर्षी लेफ्टनंट जॅकी रॉबिन्सन, जो पुढे बेसबॉलचा महान खेळाडू झाला, टेक्सासच्या छावणीतल्या बसमध्ये मागे जाऊन बसायला तयार झाला नाही. त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या काळ्यांच्या वृत्तपत्राने १९४२ मध्ये ‘दुहेरी विजय’ ही मोहीम चालवली. परदेशातल्या हुकूमशाहीवर एक विजय आणि घरातल्या वर्णद्वेषावर दुसरा. शोषितांचे स्वतःचे वर्तमानपत्र का हवे, याचे उत्तर इथे मिळते. मोठ्या दैनिकांनी ही मोहीम चालवली नसती.

युद्ध संपले. १९४८ मध्ये पुन्हा सक्तीच्या भरतीचा कायदा आला. तेव्हा रँडॉल्फ यांनी सिनेटच्या समितीपुढे उभे राहून सांगितले की विभागलेल्या सैन्यात जाऊ नका, तुरुंगात जा, असे मी काळ्या तरुणांना सांगेन. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढावा लागला. अंमल होता होता १९५४ उजाडले. त्याच सुमारास एन.ए.ए.सी.पी. या संघटनेने लँट्झच्या अशाच दुसऱ्या एका विटंबना करणाऱ्या व्यंगचित्रपटाविरुद्ध निषेध नोंदवला आणि १९४९ मध्ये युनिव्हर्सलला तो मागे घ्यावा लागला. म्हणजे पलटणीचे दार आणि पडद्याचे दार, दोन्ही धक्के मारूनच उघडावी लागली.

त्याच वर्षी बेळगावात

१९४१ हे साल आंबेडकरी माणसाच्याही ओळखीचे आहे. त्या वर्षी जुलैमध्ये बाबासाहेबांची संरक्षणविषयक सल्लागार समितीवर नेमणूक झाली आणि त्यांच्या पाठपुराव्याने १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. भारतीयांवर सक्तीची भरती नव्हती. इथे सक्तीचा प्रश्नच नव्हता, बंदीचा होता! १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला ज्यांनी रक्त सांडले, ज्यांच्या जोरावर मुंबईची फौज उभी होती, त्या महारांना १८९२ च्या सुमारास लढाऊ जमातींच्या थोतांडाखाली सैन्याचे दार बंद झाले. सुभेदार रामजी सकपाळांसारखे शिक्षण घेतलेले लष्करी लोक ज्या सैन्याने घडवले, त्याच सैन्याने त्यांच्या पोरांना नाकारले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतीअर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. गरजेपुरता माणूस आणि गरज सरली की अस्पृश्य!

कोणी शंका काढील की अमेरिकेतल्या काळ्यांना वेगळी पलटण नको होती आणि बाबासाहेब तर जातीच्या नावाची पलटण मागत होते, हे कसे? शंका प्रामाणिक आहे म्हणून उत्तर दिले पाहिजे. भारतीय सैन्य तेव्हा जातीजमातींच्या पलटणींवरच उभे होते. मराठ्यांची, शिखांची, राजपुतांची, डोगरांची पलटण होती. त्या रचनेत ज्याच्या नावाची पलटण नाही त्याला सैन्यात जागाच नाही. तिथे महार बटालियन मागणे म्हणजे बंद दार उघडणे. अमेरिकेत दार उघडे होते पण आत भिंत होती, म्हणून तिथे भिंत पाडणे हाच हक्काचा मार्ग. दोन्हीकडे मागणी एकच होती, माणूस म्हणून बरोबरीची जागा. आज महार रेजिमेंटमध्ये देशाच्या सर्व भागांतले, सर्व जातीधर्मांचे जवान आहेत, हेही या मागणीचा खरा अर्थ सांगते. हार्लेमच्या शेजारी असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना हे नाते ठाऊक होते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची चौकशी केली, ती याच जाणिवेतून.

आपले हसणे कोणाचे?

राहिला प्रश्न हास्याचा. आपल्या परंपरेत विनोदाचे शस्त्र शोषितांच्या हाती फार पूर्वीपासून आहे. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाला, प्रधानाला, पाटलाला भर फडात उघडे पाडतो. तो सोंगाड्या बहुतेक वेळा आमच्याच वस्तीतला असे. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशात त्याच हसवण्याला विचाराची धार लावली आणि गावोगाव बाबासाहेबांचा संदेश नेला. लोक हसले आणि हसता हसता पाणवठ्याच्या, मंदिराच्या, बलुत्याच्या अन्यायावर विचार करू लागले. हे हास्य वरून खाली पडणारे नव्हते. खालून वर जाणारे होते.

मात्र मराठी आणि हिंदी पडद्याने यातून काय उचलले? मोलकरणीची बोली, गावंढळ नोकर, काळा रंग, जाड अंग यांच्यावर हशा पिकवायचा आणि त्याला निखळ करमणूक म्हणायचे. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’ने या हशाचा खरा चेहरा दाखवला. कैकाडी कुटुंब डुकरामागे धावत असते आणि गाव तमाशा पाहून हसत असते. प्रेक्षकालाही क्षणभर हसू येते आणि मग घशात अडकते. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड त्या हसणाऱ्यांवर आहे, तसा तो खुर्चीत बसून हसलेल्या आपल्यावरही आहे.

तेव्हा आंबेडकरी वाचकाने विनोदी चित्रपट पाहू नयेत असे या लेखकाचे म्हणणे नाही. जरूर पाहावेत, पोटभर हसावे. ‘बक प्रायव्हेट्स’ही पाहावा, मालकाला नोकराच्या बरोबरीने कवायत करताना पाहून आनंद घ्यावा. पण हसून झाल्यावर रांगेतली माणसे मोजावीत. कोण आहे, कोण नाही, जो नाही तो का नाही, हे मुलांना विचारायला शिकवावे. आपल्या तरुणांनी कॅमेरा, लेखणी आणि रंगमंच हातात घेऊन स्वतःचा विनोद स्वतः लिहावा. बाबासाहेबांनी सांगितलेली समता केवळ कायद्याच्या कलमात पुरेशी नाही. ती बराकीत, पंगतीत, शाळेच्या बाकावर आणि पडद्यावरच्या हशातही उतरली पाहिजे. ज्या दिवशी सगळे बरोबरीने एकमेकांवर हसू शकतील आणि कोणाच्याही काळजात ते हसू रुतणार नाही, त्या दिवशीच खुशाल म्हणावे की हसण्याला जात नसते. तोवर रांगेतली माणसे मोजत राहणे हे आपले काम आहे.

जयभीम!